घराची परीक्षा

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. मुंबईच्या उपनगरांत स्वतः घर बांधणे सामान्य माणसाच्या हाती राहिलेले नाही. येथे घर विकत घ्यावे लागते. विकतचे घर पाहावे कसे, हे मात्र मला माझ्या एका विद्यार्थ्याने शिकविले.

२०१८ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुलुंडला घर शोधू लागलो. एका जुन्या स्नेह्यांना आपले दोन खोल्यांचे घर विकावयाचे होते. इमारत पस्तीस वर्षांची. परंतु भिंतींना नुकताच रंग दिलेला होता आणि खिडकीतून हिरवा डोंगर दिसत होता. आम्हां उभयतांचे मन त्या घरावर जडले. भविष्यनिर्वाह निधीची सारी पुंजी त्यात जाणार होती. तरी विसार देण्याची मलाच घाई झाली होती.

त्याच सुमारास एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो आता स्थापत्य अभियंता झाला आहे. माझी हकीकत ऐकून तो म्हणाला, “सर, विसार देण्यापूर्वी घर तपासून घ्या.”

“अरे, घर माझ्या स्नेह्यांचे आहे. तपासणी म्हणजे त्यांच्यावर अविश्वास नव्हे का?”

तो नम्रपणे म्हणाला, “सर, आपण आमची परीक्षा घेत होता, ती काय आमच्यावर विश्वास नव्हता म्हणून?”

मी निरुत्तर झालो.

स्नेह्यांच्या संमतीने तो पुढच्या रविवारी आला. रंगाकडे त्याने पाहिलेही नाही. लहानशा हातोडीने तो तुळयांवर व खांबांवर हलके ठोके देत चालला. सगळीकडे खणखणीत आवाज येत होता. न्हाणीघराजवळच्या खांबाचा आवाज मात्र फुटक्या मडक्यासारखा बद्द आला. तो म्हणाला, “ओल आत शिरली की काँक्रीटमधील सळ्या गंजतात. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो आतून रेटा देतो आणि काँक्रीटचा थर सुटतो. रंगाने तडा झाकतो, गंज थांबत नाही.”

मग तो तळमजल्यावरील दुकानांत गेला. तेथे कोणी खांबांना धक्का लावला आहे काय, हे त्याला पाहावयाचे होते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला एक चारमजली इमारत कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तिच्या तळमजल्यावर त्या वेळी फेरफाराचे काम चालू होते. घर कितव्याही मजल्यावर असो, त्याचे पाय तळमजल्यावरच असतात!

शेवटी त्याने संस्थेच्या चिटणिसांकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितला. मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करवून तिचा दाखला महानगरपालिकेला देणे कायद्याने आवश्यक आहे. तो अहवाल संस्थेजवळ नव्हता.

हे सारे स्नेह्यांना सांगणे मला जड गेले. ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. व्यवहार मोडला म्हणून त्यांना वाईट वाटले असावे, असे मी समजलो. परंतु थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, “त्या खांबाशेजारीच आमची नातवंडे निजतात हो!”

त्यांनीच पुढाकार घेऊन संस्थेची सभा बोलाविली. इमारतीची तपासणी झाली. प्रथम खांबांना टेकू दिले गेले व नंतर दुरुस्ती झाली. मी दुसरीकडे घर घेतले, तेही तपासूनच. आमचा स्नेह मात्र पूर्वीसारखाच राहिला.

आयुष्यभर मी मुलांच्या परीक्षा घेतल्या. परीक्षा म्हणजे अविश्वास नव्हे, ती काळजी होय, हे मी त्यांना सांगत आलो. स्वतःवर वेळ आली तेव्हा मीच ते विसरलो होतो. त्याची आठवण करून देणारा विद्यार्थी मला लाभला, हे माझे भाग्य.