मलाक्क्यातील मुक्काम

मलाक्क्यास उतरण्यासाठी आम्ही स्वस्तातली जागा निवडली ती केवळ काटकसरीपोटी नव्हे. ज्या नगरात संत फ्रान्सिस झेवियर पुनःपुन्हा येऊन गेले, त्याच्या जुन्या पेठेतच रात्र काढावी अशी आमची इच्छा होती. काटकसर मुळीच नव्हती, असेही नाही.

जोंकर स्ट्रीटच्या मागील गल्लीतले ते हॉटेल म्हणजे चिनी व्यापाऱ्याचे जुने दुकानघर. दर्शनी बाजू अरुंद, आत मात्र बोगद्यासारखी लांबी. मध्यभागी आभाळाला उघडा चौक. उजेड, वारा आणि पाऊस तेथूनच घरात शिरतात. आमच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी नव्हती, चौकाकडे एक झडप तेवढी होती. दोन खोल्यांमधली भिंत प्लायवुडची असल्यामुळे शेजारच्या पाहुण्याने कूस बदललेलीही कळे. न्हाणीघर सामाईक. चादरी मात्र स्वच्छ, आणि प्रवासात आम्ही तेवढेच पाहतो.

सकाळी संत पॉलच्या टेकडीवर गेलो. १५२१ साली पोर्तुगीजांनी उभारलेले तेथील देवालय आज बिनछपराचे आहे. ३ डिसेंबर १५५२ रोजी सांशियान बेटावर दिवंगत झालेल्या झेवियरांचे पार्थिव १५५३ मध्ये काही महिने येथे पुरलेले होते. पुढे ते गोव्यास नेण्यात आले. त्या रिकाम्या कबरीवर जाळी आहे आणि लोक तीतून नाणी टाकतात. ती चिल्लर पाहून आम्हांस बरे वाटले नाही. १६४१ साली नगर डचांच्या हाती गेले. त्यांच्या कोरीव थडग्यांच्या शिळा भिंतींना टेकून उभ्या आहेत. १८०७ मध्ये इंग्रजांनी किल्लाच पाडावयास घेतला, त्यातून एक दरवाजा तेवढा वाचला. वसईच्या किल्ल्यातील बिनछपराच्या देवळांतून लहानपणी हिंडलेल्या आम्हांला हे सारे ओळखीचे वाटले.

परंतु मनात राहिला तो हॉटेलच्या गल्ल्यावर रात्री बसणारा वृद्ध. त्याचा जन्म त्याच घरातला. मालकी कधीच नव्हती. तीन भाडेकरू कुटुंबे तेथे नांदत होती. मलेशियाने १९९७ च्या कायद्याने जुन्या घरांवरील भाडेनियंत्रण उठवले आणि २००० पासून भाडी मोकळी झाली, तेव्हा ही कुटुंबे गावाबाहेरच्या सदनिकांत पांगली. २००८ मध्ये नगर जागतिक वारसा ठरले. घरे शाबूत राहिली, रंगली, दिवे लागले; पण जुने रहिवासी परतले नाहीत. हा म्हातारा परतला तो पगारावर. हे तो विनातक्रार, तुटक इंग्रजीत सांगत होता. आमची खोली कोणाची होती, असे विचारले, तर म्हणाला, “आजीची.” त्या रात्री प्लायवुडला पाठ लावून झोपताना आम्हांस संकोच वाटला.

आमच्याही वसईतल्या वडिलोपार्जित घराचे कागद तेव्हा विकासकाकडे तयार होते. भावंडे चार, त्यांतली दोन परदेशी. ओटी, माजघर, मागली वाडी यांची वाटणी करायची कशी, यापेक्षा विकणे सोपे. वाड्यावाड्यांतून हेच चालले आहे आणि विकणाऱ्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. कौले दर पावसाळ्यात चाळावी लागतात, ती चाळणारी माणसे आता मिळत नाहीत. आम्ही हे त्या वृद्धास सांगितले. त्याने किंमत विचारली नाही. विहीर आहे का, एवढेच विचारले.

आहे, म्हणालो.

तो उठला. चौकाच्या कोपऱ्यात पाहुण्यांच्या बॅगा रचल्या होत्या, त्या बाजूला करून त्याने एक फळी उचलली. खाली दगडी कठडा होता. त्याने विजेरी धरली. पाणी बरेच वर होते.

दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला फोन करून कळवले, की सह्या तूर्त थांबव. नाताळला सगळे येतील, तेव्हा माजघरात बसून बोलू. तो जरा रागावलाच.