ताळा

"चालतंय ना? मग झालं तर!" हे आपले मोठे लाडके वाक्य आहे. छत्रीची एक काडी मोडलेली असते, शेगडीचे बटण जरा तिरके दाबावे लागते, दारावरची घंटा दुसऱ्या खेपेला वाजते. आणि कुणी दुरुस्तीचा विषय काढलाच, तर घरातले वडीलधारे माणूस हे वाक्य उच्चारून त्याला गप्प करते. मला या वाक्याचा मुळीच राग नाही. छत्री गळू लागली तर डोक्यावर पाणी पडते, आणि ते कुणी सांगावे लागत नाही. ज्या वस्तू बिघडल्या की ओरडून सांगतात, त्यांच्या बाबतीत हे तत्त्वज्ञान फार सोयीचे आहे. पण काही वस्तू बिघडल्या तरी ओरडत नाहीत. त्या आपले काम पूर्वीसारखेच करीत राहतात, आणि अगदी शांतपणे चुकीचे उत्तर देतात.

हे मला पुन्हा एकदा पटवून दिले ते माझ्या पुतण्याने. तो नागपुरात असतो. इमारतींच्या तुळया, खांब आणि स्लॅब यांवर किती भार येईल, त्यांत किती लोखंड घालावे, याचे गणित करणे हा त्याचा व्यवसाय. ही सगळी आकडेमोड संगणक करतो. मोठी इमारत असली की उत्तराची वाट पाहण्यात बराच वेळ जातो, आणि तरुण माणसाला वाट पाहणे जितके जड जाते तितके दुसरे काहीच जात नाही. तेव्हा त्याने ठरवले, की संगणकाच्या प्रोसेसरला कारखान्याने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायचे. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

शब्द अवघड असला तरी कल्पना सोपी आहे. प्रोसेसरमध्ये एक घड्याळ असते. त्याच्या प्रत्येक ठोक्याला हिशेबाची एक पायरी पुरी व्हायची असते. पाच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके. एवढ्या एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो! आता समजा, एखाद्या कचेरीत कारकून बेरजा करीत बसले आहेत आणि साहेब ठराविक वेळाने घंटा वाजवून कागद गोळा करतो आहे. घंटा थोडी लवकर वाजू लागली तर चपळ कारकून निभावून नेतील. आणखी लवकर वाजली तर एखाद्याचा हातचा धरायचा राहील. मौज अशी, की कागद मात्र वेळेवरच गोळा होईल. त्यावर बेरीजही असेल. ती चुकलेली असेल, इतकेच.

कारखानदार घंटेची वेळ ठरवताना सगळ्यांत मंद कारकुनाचा विचार करतो आणि वर थोडी सवलत ठेवतो. ही सवलत वापरून घेण्याचा मोह जुना आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए नावाचा एक स्वस्त प्रोसेसर आला होता. होता ३०० मेगाहर्ट्झचा. पण मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की पुष्कळदा बिनतक्रार ४५० वर पळायचा. हौशी मंडळी त्याची आठवण अजून काढतात. वेगाची ही हौस पुढे कुठवर गेली म्हणाल, तर २०२२ साली एका स्वीडिश हौशी तज्ज्ञाने द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात एक प्रोसेसर नऊ गिगाहर्ट्झच्या पलीकडे नेला. अर्थात तो विक्रम क्षणभराचा. घरच्या संगणकाला रोज संसार करायचा असतो.

आणि संसारात आधी आड येते ती उष्णता. वेग वाढवला की व्होल्टेजही थोडे वाढवावे लागते. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुतण्याने वेग ४.३ वरून ५ गिगाहर्ट्झवर नेला आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर. मी कागदावर गुणाकार करून पाहिला. वेग वाढला शेकडा १६, उष्णता वाढली शेकडा ४७! सोळा आण्यांच्या मालाला वीस आणे मोजण्यासारखाच हा व्यवहार.

आता किती उष्णता चालते? आजकालच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की प्रोसेसर आपण होऊन वेग कमी करतो. तरीही ताप उतरला नाही, तर संगणक बंद पडतो. म्हणून जळून जाण्याची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही. पण मर्यादेला टेकून रोज राहणे शहाणपणाचे नव्हे. पूर्ण भाराच्या परीक्षेतही पारा ८० ते ८५ च्या पुढे जाऊ नये, असा सावध हौशी लोकांचा रिवाज आहे.

पुतण्याने पहिली परीक्षा घेतली ती दिवाळीच्या सुमारास. खोलीत २४ अंश, प्रोसेसरवर ८४. तो खूश झाला. मी त्याला फोनवर विचारले, "आणि मे महिन्यात?" कूलर म्हणजे काही बर्फाची लादी नव्हे. तो प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा अमुक इतके अंश वर, असेच त्याचे गणित असते. इथे तो फरक ६० अंशांचा. नागपूरच्या वैशाखात दुपारी खोली ४० वर गेली, की प्रोसेसर १०० वर! कार्तिकात पास झालेला विद्यार्थी वैशाखात नापास. पुतण्या क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत होता की वेधशाळेत?"

मी बँकेतच होतो, आणि म्हणूनच यातला पुढचा भाग मला विशेष जवळचा वाटला. उष्णतेवर प्रोसेसर स्वतः पहारा ठेवतो. पण बेरीज चुकली तर त्यावर पहारा कुणाचा? कधी संगणक एकदम बंद पडतो, कधी पडदा निळा होतो. ते बरे. ती गळणारी छत्री झाली. पण कधी काहीच होत नाही, आणि कुठल्याशा रकान्यात एक आकडा बदललेला राहतो. त्यासाठी करायची ती स्थिरतेची परीक्षा. आणि ती समजून घेताना माझ्या ध्यानात आले, की ही तर आपली ताळा करून पाहण्याचीच रीत!

या कामाला प्राइम९५ नावाचा एक प्रोग्राम प्रसिद्ध आहे. त्याचा मूळ उद्देश निराळाच. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ साली प्रचंड मूळसंख्या शोधण्याची एक सार्वजनिक मोहीम सुरू केली. जगभरचे लोक आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ तिला देतात. २०२४ मध्ये या मोहिमेला सापडलेली मूळसंख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. अशा हिशेबात एक अंक चुकला तर सगळे श्रम वाया. म्हणून हा प्रोग्राम पावलोपावली आपलीच उत्तरे तपासतो. उत्तर पूर्णांकाच्या अगदी जवळ यायला हवे असते. ते दोन पूर्णांकांच्या मधोमध आले, तर तो तिथेच थांबतो. परीक्षेसाठी त्याला ज्यांची उत्तरे आधीच ठाऊक आहेत अशी गणिते देतात, आणि प्रोसेसरचा प्रत्येक कोअर तासन्‌तास राबवून उत्तर जुळते का ते पाहतात.

पुतण्याने एका रात्री ती परीक्षा लावली. आठ कोअर, आठ कामगार. सकाळी पाहतो तो सात जण काम करीत होते आणि आठवा सातव्या तासाला थांबला होता. चूक एक. संगणक चालू होता, पंखे फिरत होते, पडद्यावर एरवी कसलीच खूण नव्हती. वहिनींनी हे ऐकले आणि माझ्याकडेच दाद मागितली: "सात घंटे तर बरोबर चाललं ना, भावजी! एक चूक झाली तर काय एवढं?"

वहिनींचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. सात तासांत कोट्यवधी गणिते बरोबर आली. माणसाच्या हातून दिवसाला दहा चुका होतात. पण पुतण्या म्हणाला, "आई, त्या एका चुकीची जागा मला ठरवता येत नाही. ती खेळात झाली तर पडद्यावर एक ठिपका चुकेल. स्लॅबच्या गणितात झाली तर?" त्याच्या कचेरीत महत्त्वाचे आकडे हातानेही पडताळतात, हे मला माहीत आहे. तरी त्या स्लॅबखाली उद्या कुणाची तरी आई झोपणार आहे, हे त्याच्या डोक्यात होते. वहिनी पुढे काही बोलल्या नाहीत.

व्होल्टेज आणखी वाढवून तो पाच गिगाहर्ट्झ टिकवू शकला असता कदाचित. पण मग वैशाख होताच. त्याने वेग ४.९ वर आणला, व्होल्टेज १.२८ वर. पुन्हा पूर्ण चोवीस तास परीक्षा. चूक एकही नाही, आणि तेवढ्याच थंड खोलीत पारा ७७. शेकडा दोन वेग सोडला आणि सात अंश कमावले.

पण एका ताळ्यावर विसंबू नये, हेही बँकेनेच मला शिकवले. नवांचा ताळा तुम्ही शाळेत केला असेल. ५३४ च्या अंकांची बेरीज १२, म्हणजे ३; आणि ३५४ च्याही अंकांची बेरीज १२, म्हणजे ३. आकडे उलटसुलट लिहिले गेले तर नवांच्या ताळ्याला पत्ताही लागत नाही! खातेवह्या हाताने लिहीत त्या काळी एका मार्चअखेरीला आमच्या शाखेत १८० रुपयांचा फरक निघाला. रात्री अकराला एक मुरब्बी हेडक्लार्क म्हणाले, "फरकाला नवाने भाग जातोय. कुणीतरी आकडे फिरवलेत, तेवढेच शोधा." अर्ध्या तासात ५३४ चे ३५४ झालेले सापडले. एका ताळ्याला जे दिसले नसते, ते दुसऱ्याने दाखवले. संगणकाचेही तसेच. एक परीक्षा कोअर तापवते, दुसरी मेमरी तपासते. आणि कधी भर कामात टिकलेला प्रोसेसर निवांत बसला असता अडखळतो. म्हणून पुतण्याने परीक्षा बदलून घेतल्या, आणि मग आठवडाभर साधे रोजचे काम करून विंडोजच्या नोंदवहीत हार्डवेअरची एखादी चूक तर उमटत नाही ना, तेही पाहिले.

वेगळ्या वाटेने पडताळा घेणाऱ्या माणसाने एकदा सगळ्या जगाला जागे केले होते. १९९४ साली थॉमस नाइसली नावाचे अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक मूळसंख्यांच्या व्यस्तांच्या बेरजा करीत होते. त्यांनी आपल्या संगणकांत एका नव्या पेंटियमची भर घातली आणि उत्तरे जुळेनात. शोधता शोधता दोष प्रोसेसरच्या भागाकारातच निघाला. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले, की १.३३३८ ऐवजी १.३३३७ येई. इथे कुणी वेग वाढवला नव्हता, दोष रचनेतलाच होता. पण लाखो यंत्रे न ओरडता चुकत होती, आणि ते कळले एकाने उत्तरे ताडून पाहिली म्हणून. इंटेलने त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले.

एकदा पास झालेला प्रोसेसर जन्मभर पास, असेही नाही. उष्णता आणि व्होल्टेज यांनी तो हळूहळू झिजतो. २०२४ साली इंटेलनेच सांगितले, की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मिळाल्याने कालांतराने अस्थिर होतात. कंपनीने दुरुस्तीचा नवा मायक्रोकोड दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली.

पुतण्याने आता एक नेम धरला आहे. वैशाख लागला, की आंबे येण्याच्या सुमारास, भर दुपारी तो संगणकाला पुन्हा परीक्षेला बसवतो आणि जास्तीत जास्त अंश किती, चुका किती, हे एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवतो. वही साधी, दोनशे पानी. आकडा बदलला तर तो वेग आणखी एक पायरी खाली आणणार आहे. वहिनी त्याला हसतात. पण ती वही कुठे ठेवली आहे, हे घरात फक्त त्यांनाच ठाऊक असते.