‘इकडे बघ’ न म्हणता

ऑटिझम असलेल्या लहान मुलाला दिवसभर एक वाक्य ऐकावं लागतं: ‘इकडे बघ.’ आजी म्हणते, शेजारचे काका म्हणतात, फोटो काढणारा म्हणतो. माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे. तो पंख्याकडे बघतो, उन्हात उडणाऱ्या धुळीकडे बघतो. तान्ह्या पोळ्यासाठी घेतलेल्या लाकडी बैलाच्या चाकांकडे तर अर्धा अर्धा तास बघतो. माणसांकडे क्वचितच.

“काहून नाही पाहत रे हा माझ्याकडं?” ताईनं एकदा विचारलं. त्या प्रश्नापायी मी वाचायला लागलो.

2009 साली ‘नेचर’मध्ये अमी क्लिन, वॉरन जोन्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. दोन वर्षांच्या मुलांना पडद्यावर नुसत्या ठिपक्यांनी बनलेली हलणारी माणसं दाखवली. एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला उलटी. इतर मुलं सरळ माणसाकडे बघत होती. ऑटिझम असलेल्या मुलांना दोन्ही बाजू सारख्याच. पण टाळ्यांचा खेळ लागला, की त्यांची नजर सरळ बाजूकडे वळायची, कारण टाळीची हालचाल आणि टाळीचा आवाज तिथे एकाच क्षणी जुळत होते. म्हणजे या मुलांचं लक्ष नसतं असं नाही. ते दुसऱ्या गोष्टींवर असतं.

मी मिहानमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. लक्ष खेचून कसं घ्यायचं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं: रंग, कंपन, टिंग आवाज. भाच्यासोबत मात्र लक्ष खेचायचं नसतं, ते जिथे आहे तिथे जायचं असतं.

म्हणून आता आम्ही जमिनीवर समोरासमोर बसतो. बैल ढकलायचा, तो पोचला की त्याच क्षणी एक टाळी. मग थांबायचं. साबणाचे फुगे उडवायचे आणि डबीचं झाकण लावून, ती गालाजवळ धरून गप्प राहायचं. त्याची नजर डबीवर येते, हातावर येते, कधी चेहऱ्याला ओझरती शिवून जाते. तेवढ्यावरच पुढचा फुगा. नजरेला नजर दिलीच पाहिजे, ही अट नाही. ऑटिझम असलेली कितीतरी मोठी माणसं सांगतात, की त्याचा त्यांना त्रास होतो. संध्याकाळी दिवे घालवून भिंतीवर टॉर्चचा उजेड फिरवतो. आधी तो माझ्या उजेडामागे जातो. मग टॉर्च त्याच्या हातात, आणि मी त्याच्या उजेडामागे.

गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत 65 मुलांवर झालेली एक चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते आईवडिलांना त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून मुलाच्या कलानं कसं घ्यायचं ते शिकवत होते. आईवडील मुलाला जास्त जुळवून घेऊ लागले, मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करू लागली. पण दोघांचं लक्ष एकत्र एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ वाढला नाही, उलट कमी भरला.

हा शेवटचा आकडा ताईला सांगू की नको, असं वाटत होतं. सांगितला. ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, “म्हणजे स्वतःहून येतात नं? मग झालं.”

आता त्यानं किती वेळा बघितलं, हे ती मोजत नाही. बैल आधी कोणी ढकलला, तेवढं सांगते.