वैऱ्याच्या नगरातील माउली

फ्लॉरेन्स आणि सिएना ही इटलीतील दोन शेजारी नगरे. दोहोंत जेमतेम ७० किलोमीटरांचे अंतर. वैर मात्र पिढ्यान् पिढ्यांचे. ४ सप्टेंबर १२६० रोजी माँतापेर्तीच्या रणांगणावर सिएनाने फ्लॉरेन्सचा दारुण पराभव केला. हजारो माणसे कामी आली. घरोघरी विधवा झाल्या.

त्यानंतर २५ वर्षांनी, १२८५ साली, फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चमधील एका भक्तमंडळाला पवित्र मरियेचे भव्य चित्र हवे होते. मंडळाने चित्रकार निवडला तो सिएनाचा, दुच्चो! मोबदला १५० लिरा. सोने आणि निळा रंग चित्रकाराने पदरचा घालावा. चित्र पसंतीस उतरले नाही, तर पैसे मिळणार नाहीत, चित्र त्याने घरी न्यावे. भाविक मंडळी व्यवहारात किती चोख असतात, हे आम्हां धर्मगुरूंना कुणी सांगायला नको.

पुढे फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात त्या साडेचार मीटर उंच चित्रापुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस तीन-तीन देवदूत गुडघे टेकून आहेत. वासारी या कलेतिहासकाराने सोळाव्या शतकात हे चित्र फ्लॉरेन्सच्या चिमाबुएच्या नावावर घातले. इतके सुंदर चित्र शेजाऱ्याचे कसे असेल?

उलट दिशेचीही एक गोष्ट आहे. माँतापेर्तीत फ्लॉरेन्सच्या बाजूने उतरलेल्या कोप्पो दी मार्कोवाल्दो या चित्रकाराने १२६१ साली, म्हणजे लढाईच्या दुसऱ्याच वर्षी, सिएनातील सेर्वी चर्चसाठी मरियेचे चित्र रंगविले. तो युद्धकैदी होता, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकात सिएनाच्या कुणा चित्रकाराने माता आणि बाळ यांचे चेहरे दुच्चोच्या वळणाने पुन्हा रंगविले. वस्त्रे फ्लॉरेन्सची, मुखे सिएनाची. कलाप्रेमींना याची हळहळ वाटते. आम्हांस वाटत नाही. ज्या माउलीपुढे रोज गुडघे टेकायचे, ती आपल्या आईसारखी दिसावी, एवढीच त्या लोकांची इच्छा असावी; आणि परक्याने केले म्हणून चित्र फेकून तर कुणी दिले नाही.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्याच धर्मग्राम परिषदेतले. वेदीमागील जुने चित्र वाळवीने खाल्ले आहे. नव्यासाठी आम्ही शेजारच्या धर्मग्रामातील एका तरुणाचे नाव सुचविले, तोच एक ज्येष्ठ सभासद उठले, "फादर, त्यांच्याकडून? स्मशानभूमीच्या वाटेचे ते विसरलात?" विसरलो नाही. त्या वादात दोन्हीकडची नाती तुटलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणूनच ते नाव पुढील सभेत पुन्हा ठेवणार आहोत. सभासदांच्या समाधानासाठी दुच्चोच्या कराराची अटही घालू: चित्र पसंत पडले नाही, तर त्याने ते घरी न्यावे. सोन्याचा खर्च मात्र आपण करू.