हातभर अंतर

औंध, रात्री उशिरा. घरी येताना विमान वेळेवर उतरलं. दाराशी येणारा पूल, एरोब्रिज, मात्र हातभर अलीकडे थांबला तो थांबलाच. सगळे बॅगा काढून ताटकळत उभे. "एवढं आभाळातनं आणलंसा, आन् हातभरासाठी अडलं व्हय?" मागचे आजोबा म्हणाले. शेवटी जिना लावला.

चिडचिड झाली, पण त्या पुलाचं मला कौतुकही आहे. माणसं-सामान उतरलं की विमान हलकं होऊन किंचित वर उचललं जातं, भरताना खाली दबतं. पुलाचं एक छोटं चाक विमानाच्या अंगाला टेकून ही हालचाल ओळखतं आणि पूल त्याप्रमाणे उंची बदलतो. ते बिघडलं तर विमानाचं उघडं दार पुलाच्या फरशीवर टेकून मोडू शकतं. शंका आली की थांबणंच बरं. जमिनीवरची यंत्रंही दगा देतात: जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत जामनगरला निघालेल्या विमानाजवळ ते ढकलणारा ट्रॅक्टरच पेटला होता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही.

आमच्या औंध संस्थानाला यंत्रांचं वावडं कधीच नव्हतं. इथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा कारखाना तिथे आला. नांगराचा फाळ झिजला तर तो शेतकऱ्याला दिसतो तरी. विमानातल्या माणसाला खिडकीतून फक्त पिवळी जाकिटं धावताना दिसतात.

काय बिघडलंय, हे आम्हाला दोन वाक्यांत सांगायला हवं होतं. ते कुणीच सांगितलं नाही.