सही करण्यापूर्वी

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्हांला प्रथम आठवली ती वसतिगृहातील महिनाअखेरची सभा. भोजनगृहाच्या खर्चाची वही त्या दिवशी सर्वांसमोर वाचली जाई. तांदूळ किती आला, तेल किती लागले, शिल्लक किती राहिली, सारे मोठ्याने. पाचवीतल्या मुलालाही उभे राहून विचारण्याचा अधिकार असे आणि वही लिहिणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्याला उत्तर द्यावेच लागे. त्या वयात ती सभा आम्हांला कंटाळवाणी वाटे. पुढे कायद्याचे अध्यापन हाती घेतल्यावर एका प्रसंगाने तिचे मोल आम्हांला नव्याने शिकविले. तो प्रसंग माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्यापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रत्येक विधी महाविद्यालयाने विधी सहाय्य केंद्र चालवावे, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांचा दंडक आहे. अशा केंद्रांकडे बहुधा पोटगी, शिधापत्रिका, घरभाडे यांची गाऱ्हाणी येतात. आमच्या केंद्राने त्यांत आणखी एका कामाची भर घातली. स्वतःचे पोट भरताना वस्तीचेही भले व्हावे, या हेतूने चाललेल्या लहान उद्योगांना कायद्याचे कागद करून देणे, हे ते काम. या उद्योगांना वकिलाची फी परवडत नाही, आणि मोफत सल्ला म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर कोर्टातला तंटा येतो, उद्योगाची उभारणी येत नाही. विद्यार्थ्याला सनद नसल्याने तो न्यायालयात उभा राहू शकत नाही. परंतु ऐकणे, कायदा शोधणे, मसुदा लिहिणे एवढे त्याला करता येते. विद्यार्थ्याने लिहावे, आम्ही तपासावे आणि तपासल्याची सही करावी, अशी आमची रीत.

कायदा आणि व्यवसाय यांचे नाते आपल्या समाजाला अपरिचित नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकविला होता. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्याच्या कितीतरी आधी त्यांनी गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले. आज आमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांची अडचण निराळी आहे. त्यांच्या दारापर्यंत सल्लाच पोहोचत नाही.

काही वर्षांपूर्वी शहराच्या कडेच्या एका वस्तीतील बारा स्त्रियांचा गट आमच्याकडे आला. त्या कापडी पिशव्या शिवून दुकानदारांना देत. बचत गटात साठविलेल्या पैशांतून त्यांनी पाच शिलाई मशिनी घेतल्या होत्या. मोठी मागणी घ्यायची तर समोरचा विचारी, ‘तुमची नोंदणी कुठे आहे?’ म्हणून त्यांना ‘कंपनी’ हवी होती. चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी यांच्याकडे आम्ही ते काम सोपविले. मुले उत्साही होती. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचे उदाहरण त्यांनी टिपणात घातले, आणि ‘सामाजिक हेतू आहे, म्हणून कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालील कंपनी’ असा निष्कर्ष काढला. मसुदा नेटका होता. आम्ही तांबड्या शाईने चार शब्द दुरुस्त केले, एक परिच्छेद वर-खाली केला आणि सही केली.

मसुदा समजावून देण्यासाठी आम्ही वस्तीवर गेलो. एका खोलीत सतरंजीवर बाराही जणी बसल्या. विद्यार्थिनी एकेक कलम सोप्या मराठीत सांगत होती. कोपऱ्यात काजं करीत बसलेल्या एका वृद्ध मावशींनी मान वर न करताच विचारले, “बाळा, ही कंपनी बंद पडली, तर मशिनी कुणाच्या?”

विद्यार्थिनीने कागदाकडे पाहिले, मग आमच्याकडे. उत्तर आम्हांला ठाऊक होते आणि ते सांगणे जड होते. कलम ८ खालील कंपनीचा नफा तिच्या उद्दिष्टांसाठीच वापरावा लागतो. सभासदांत वाटता येत नाही. कंपनी गुंडाळली, तरी देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांकडे परत येत नाही. शिवणकामाची मजुरी त्यांना मिळाली असती. परंतु दहा-वीस रुपये बाजूला टाकून घेतलेल्या मशिनी त्यांच्या राहिल्या नसत्या. आम्ही तसे सांगितले. खोलीत कुणी रागावले नाही. मावशी इतकेच म्हणाल्या, “मग आधी विचारायचं होतं ना, आम्हांला काय हवंय ते.”

परतताना बसमध्ये त्या विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुम्ही तपासलं होतं ना?” आम्ही म्हणालो, “तपासले होते. चूक आमची आहे.” खरोखरच ती आमची होती. आम्ही भाषा तपासली, कलमांचे क्रमांक तपासले. या बारा जणींना कमाई वाटून घ्यायची आहे की नाही, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला होता का, हे तपासले नाही. ‘सामाजिक’ हा शब्द दिसताच आम्ही मनोमन त्यांना दानधर्माच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो. गरिबाने धंदा करावा आणि त्यात त्याला नफाही व्हावा, ही गोष्ट आमच्या तांबड्या शाईला सुचली नव्हती.

पुढच्या आठवड्यात काम पुन्हा आरंभापासून सुरू झाले. या वेळी मुलांनी मसुदा बाजूला ठेवून वही घेतली. कुणी किती पैसे घातले, मशिनीची पावती कुठे आहे, कुणी सोडून गेले तर काय करायचे, हे त्यांनी प्रत्येकीला वेगळे विचारले. त्यातून एक नाजूक गोष्ट पुढे आली. पाचांपैकी दोन मशिनींच्या पावत्या गटाच्या अध्यक्षाबाईंच्या नावाने होत्या. त्यात लबाडी नव्हती. दुकानदाराने एक नाव मागितले आणि पैसे हाती असलेल्या बाईने आपले नाव सांगितले, इतकेच. परंतु केंद्रात प्रथम आल्या त्या याच ताई. मुलांना चहा देणाऱ्या, फोन करणाऱ्याही त्याच. मुलांच्या मनात आमचे पक्षकार म्हणजे ताई, असे समीकरण बसले होते. वास्तविक पक्षकार होता तो बारा जणींचा गट.

“हे ताईंना तुम्ही सांगा, सर,” अशी गळ मुलांनी घातली. आम्ही नकार दिला. सोबत येऊ, मात्र बोलायचे तुम्ही, असे ठरले. अध्यापकाच्या दृष्टीने याहून कठीण तास नाही. विद्यार्थी अडखळत असतो, योग्य वाक्य आपल्या ओठांवर असते आणि ते गिळावे लागते. ताईंचा चेहरा उतरला. “मला कुणी चोर म्हणतंय का?” असे त्यांनी विचारले. विद्यार्थिनी काही वेळ थांबली. मग म्हणाली, “नाही ताई. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे. पण उद्या तुम्ही नसलात, तर तुमच्या घरचे ही पावती दाखवतील. मग या अकरा जणींनी काय दाखवायचं?” ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून त्यांनी ट्रंकेतून दोन्ही पावत्या काढून दिल्या.

त्यानंतर मुलांनी चार पर्याय तक्त्यावर मांडले. साधी भागीदारी सोपी. परंतु तीत पेढीच्या कर्जाला प्रत्येकीचे घरदार बांधलेले. सहकारी संस्थेत एका सभासदास एक मत. पण निबंधक, लेखापरीक्षण, निवडणुका आल्या. उत्पादक कंपनीत शेतकऱ्यांप्रमाणे कुटिरोद्योग करणाऱ्यांनाही स्थान आहे. मात्र किमान पाच संचालक आणि कंपनीचे सारे सोपस्कार. मर्यादित दायित्व भागीदारीत, म्हणजे २००८ च्या कायद्याखालील एलएलपीत, नफा वाटता येतो, आणि धंद्याचे कर्ज सामान्यतः घरापर्यंत येत नाही. उलाढाल ४० लाखांच्या व भांडवल २५ लाखांच्या आत असेल, तर लेखापरीक्षणही सक्तीचे नाही. परंतु कमाई होवो वा न होवो, वर्षाला दोन विवरणपत्रे भरावीच लागतात, हेही मुलांनी लपविले नाही.

निवड त्या बारा जणींनी केली. दोन बैठका झाल्या, वाद झाला, अखेर त्यांनी एलएलपी पसंत केली. करारात पाचही मशिनींची यादी आली, प्रत्येकीला एक मत मिळाले, आणि सोडून जाणारीचा हिशेब कसा करायचा याचे कलम मावशींच्या आग्रहाने घातले गेले. सह्या होण्यापूर्वी संपूर्ण करार मराठीत मोठ्याने वाचला गेला. दर कलमाला थांबून मुले विचारीत, “काही विचारायचे आहे?” त्या संध्याकाळी आम्हांला वसतिगृहातील ती वही आठवली.

दुसऱ्या वर्षी गटातील एक बाई कायमची गावी गेली. तिचे पैसे करारातील कलमाप्रमाणे दोन हप्त्यांत तिला पोहोचले. भांडण झाले नाही आणि म्हणून कुणाकडून आम्हांला दूरध्वनीही आला नाही. पुढे केव्हातरी सहज चौकशी करता हे कळले. ती विद्यार्थिनी आज वकिली करते.

आजही मसुदा समोर आला की आम्ही सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याला एकच विचारतो: हे ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांना वाचून दाखविले का आणि त्यांनी काय विचारले? कुणीच काही विचारले नाही, असे उत्तर आले, तर कागद परत जातो. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आज गावोगावी बचत गटांत, पतसंस्थांत, लहान उद्योगांत आहेत. त्यांनी आपापल्या संस्थेचा कागद एकदा काढावा आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचावा, ही नम्र विनंती. कोपऱ्यात काजं करीत बसलेल्या मावशींना प्रश्न विचारण्याइतका वेळ मात्र त्या वाचनात असावा.