आईच्या पाण्याचं रान

मे महिन्यात आमच्या चौलच्या घरात माणसं वाढतात आणि विहिरीतलं पाणी उतरतं. 2024 च्या मेमध्येही तसंच झालं. पुण्याहून धाकटी बहीण, तिचा नवरा आणि दोन मुलं आली. मुंबईहून चुलतभाऊ आला. आम्ही घरचे चौघं धरून नऊ माणसं. पंप पाच मिनिटांत चिखल ओढायला लागला की बायको आतून ओरडायची, "बंद करा रे!" आणि आम्ही अंघोळी उरकून वाडीतल्या सुपारीच्या रोपांना घागरीनं पाणी घालायला जायचो. सुपारी मोठी होती तेव्हा हे करावं लागत नसे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं आणि आजोबांच्या हातची निम्मी वाडी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी झाली. पुन्हा लावलेली रोपं अजून माणसाच्या उंचीएवढीच होती. पहिली काही वर्षं त्यांना उन्हाळ्यात एक दिवस पाणी चुकवलं तर पानं पिवळी पडतात. म्हणून गेली चार वर्षं आम्ही मे महिन्यात घर सोडून कुठं गेलोच नव्हतो.

या वेळी भाचीनं ठरवलं. सातवीतून आठवीत गेलेली. "समुद्र रोजचाच आहे मामा. डोंगर हवा, आणि नुसता डोंगर नको, राष्ट्रीय उद्यान हवं."

पडवीत महाराष्ट्राचा नकाशा पसरला. राज्यात राष्ट्रीय उद्यानं सहा. ताडोबा सगळ्यांत जुनं, 1955 चं, पण ते पार चंद्रपूरला. गुगामल सातपुड्यात, मेळघाटात. पेंच आणि नवेगाव विदर्भातच. बोरिवलीचं संजय गांधी उद्यान चुलतभावाच्या घरामागेच, त्यामुळे ते त्यानं आधीच बाद केलं. उरलं चांदोली. ते मात्र अस्सल सह्याद्रीतलं, वारणेच्या खोऱ्यातलं, 2004 साली राष्ट्रीय उद्यान झालेलं. कोयना अभयारण्याशी जोडून 2010 मध्ये त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या वारसायादीत गेल्या त्यांत तेही होतं. मुलांचे डोळे लकाकले. मी वहीत लिहायला घेतलं: माणगाव, महाड, पोलादपूर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, मग वारणेकडे. मुक्काम एक जाताना, एक येताना. गाड्या दोन. आईच्या गुडघ्यांसाठी दर दोन तासांनी थांबायचं.

आई झोपाळ्यावर बसून ऐकत होती. त्र्याऐंशी वर्षांची. ती उठली, आत गेली आणि बटणं-सुया ठेवायच्या तिच्या जुन्या डब्यातून एक बी घेऊन आली. तपकिरी, गुळगुळीत, चपटी आणि गोल, मुलाच्या मुठीत जेमतेम मावेल एवढी. तिनं ती नकाशावर ठेवली.

"ही जिथली, तिथं मला एकदा न्या. मग तुम्ही चांदोलीला जा नाहीतर काश्मीरला."

ती बी गारंबीच्या वेलाची. आई मुरुडची. तिच्या लहानपणी मुरुड म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाची राजधानी होती. पावसाळ्यात ओढ्यांना पूर आले की डोंगरातून या बिया वाहत खाडीत यायच्या, भरतीबरोबर किनाऱ्याला लागायच्या, आणि पोरं त्या वेचून आणायची, दगडावर घासून गरम करायची आणि एकमेकांच्या हाताला चटके द्यायची. डोंगरातलं ते रान मात्र नवाबाच्या शिकारीचं. साध्या माणसाला आत पाऊल टाकायची सोय नव्हती. 1948 ला संस्थान विलीन झालं तेव्हा आई सात वर्षांची होती. मग शाळा, मग लग्न, मग चौल. ते रान पुढे 1986 मध्ये फणसाड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. चौलहून तिथं जायला तास-सव्वातास लागतो. आणि आमच्यापैकी एकानंही आईला कधी विचारलं नव्हतं की तुला तिथं जायचंय का. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. मी वहीतलं पान उलटलं.

भाची हिरमुसली. "पण ते राष्ट्रीय उद्यान नाहीये." तिला फरक समजावून सांगितला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोन्ही आहेत. राष्ट्रीय उद्यानात माणसाचे हक्क जवळजवळ संपतात, गुरं चारणंही बंद. अभयारण्यात आजूबाजूच्या गावांचे काही हक्क, परवानगीनं आणि मर्यादेत, चालू राहू शकतात. फणसाडच्या कडेला गावं आहेत, धनगर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, आणि बिबट्यालाही तिथंच राहायचं असतं. मला स्वतःला हे जास्त अवघड आणि म्हणून जास्त मोलाचं वाटतं. तिला ते कितपत पटलं माहीत नाही, पण "बिबट्या" ऐकून ती नकाशाजवळ सरकली.

आखणीला चार दिवस लागले, आणि ती जवळजवळ सगळी पाण्याची आखणी होती. मी आधी 23 मे धरली होती, बुद्धपौर्णिमा. लख्ख चांदणं मिळेल एवढाच विचार केला. चौकशी केल्यावर कळलं की त्याच रात्री पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राण्यांची मोजणी होते, कारण ऐन उन्हाळ्यात पाणी थोड्याच जागी उरतं, जनावराला तिथं यावंच लागतं आणि पौर्णिमेच्या उजेडात ते दिसतं. अशा रात्री नऊ जणांचं बिऱ्हाड घेऊन जाणं बरोबर नाही. तारीख 28 मेवर नेली, मंगळवार, म्हणजे वाटेवर काशिदच्या किनाऱ्याला येणारी शनिवार-रविवारची गर्दीही टळली.

फणसाडच्या कडेच्या सुपेगावला वनखात्याचे तंबू आहेत, ते सांगून ठेवले. माणशी चार लिटर धरून वीस लिटरचे दोन कॅन. प्लॅस्टिकच्या बाटल्या घरीच, सगळ्यांना स्टीलच्या. कपडे मातकट नाहीतर हिरवे. बहिणीच्या मुलाचा लालभडक टीशर्ट बायकोनं बॅगेतून काढून ठेवला. अत्तर, स्प्रे काही नाही. बरोबर तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, पांढऱ्या कांद्याची अर्धी वेणी, कैरीचं पन्हं. आईसाठी प्लॅस्टिकची खुर्ची, काठी आणि तिची उशी. रोपांना पाणी घालायला शेजारच्या वहिनी हो म्हणाल्या, तेव्हा कुठं माझं मन मोकळं झालं.

दुपारी चारला निघालो. रेवदंड्याचा पूल ओलांडताना कुंडलिकेची खाडी ओहोटीला लागलेली. "पूल नव्हता तेव्हा इथं तरीनं यायचे," आई म्हणाली, "माहेरी जायचं तर होडीत बसून. तुझ्या वेळेला सातवा महिना होता." साळावला समुद्राकाठची मुरुडची वाट सोडली आणि गाडी आतल्या रस्त्याला लावली. वाऱ्यातला खारटपणा गेला. दोन्ही अंगांना डोंगर आले, पानगळ झालेले, करडे, मधेच जांभळीचा एखादा गर्द ठिपका.

सुपेगावात आमचा वाटाड्या भेटला. गावातलाच तरुण, कमी बोलणारा. आईकडे आणि तिच्या काठीकडे बघून म्हणाला, "आजीला माळावरची वाट बरी. चढ नाही." त्यानं ते आपणहून सांगितलं, मला विचारावं लागलं नाही.

रात्र उकाड्याची होती. तंबूबाहेर सतरंजीवर पडून होतो. करंज आणि ऐनाच्या झाडांवर काजवे होते, पहिले, थोडेच. पाऊस आठ-दहा दिवसांवर आला की त्यांची संख्या वाढत जाते. वद्य पंचमीचा चंद्र अकरा वाजून गेल्यावर डोंगरावर आला. तेवढ्यात लांबून वानराचा खोकल्यासारखा ठसका आला, मग दुसऱ्याचा. वाटाड्या हळूच म्हणाला, "बिबट्या हलला असंल." नऊ माणसं एकदम गप्प. काही दिसलं नाही. पण मुलं त्यानंतर मोठ्यानं बोलली नाहीत, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

पहाटे साडेपाचला निघालो. इकडे पाण्याच्या जागेला गाण म्हणतात. अभयारण्याला नाव मिळालं तेही फणसाडच्या गाणावरून. रानात असे बरेच गाण आहेत, त्यातले मेअखेर पाणी धरून राहणारे थोडे, आणि काही ठिकाणी वनखात्याला बाहेरून पाणी आणून टाकावं लागतं. वाटेवर ऐनाची झाडं, मगरीच्या पाठीसारखी साल असलेली. वाटाड्यानं एका खोडावर हात ठेवला. म्हणाला, "ह्याच्या पोटात पाणी असतं उन्हाळ्यात." कोरड्या दिवसांसाठी ऐन खोडात पाणी साठवतो, हे मी वाचलं होतं. आईनंही खोडावर तळवा टेकला, घरातल्या माठाला लावावा तसा.

मधे मोठमोठे बुंधे आडवे पडलेले दिसले, पोखरलेले, बुरशी धरलेले. "निसर्ग," वाटाड्या म्हणाला. एवढाच शब्द. आमच्या वाडीतली पडलेली सुपारी आम्ही दोन महिन्यांत तोडून हलवली होती. इथं ती झाडं पडली तिथंच होती आणि त्यांच्या अंगावर वाळवी, मुंग्या, सरडे राहत होते. मोकळ्या झालेल्या आभाळाखाली नवी रोपं उठली होती, कुणी पाणी न घालता.

गाण जवळ आला तेव्हा वाटाड्यानं हात वर केला. आईला खुर्ची मांडून दिली. पाणी म्हणजे काय, तर आमच्या अंगणाएवढं डबकं, कडेला भेगाळलेला चिखल. पण त्या चिखलावर काय काय लिहिलेलं होतं! सांबराचे दुभंगलेले खूर, रानडुकराचे बुटके, मोराची तीन बोटं. आणि ओल्या कडेला एकटा, स्वच्छ उमटलेला पंजा: चार बोटं, मागे गादी, नखांची खूण नाही. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो. भाची त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि आपली वीत त्यावर, न टेकवता, धरून बघितली. त्या वेळी मला चांदोलीची आठवण झाली नाही.

मग वरून शेंड्यातून खडखडाट आला. शेकरू. तांबूस पाठ, अंगाहून लांब शेपूट, एका फांदीवरून दुसरीवर जाताना मधल्या हवेत क्षणभर आडवं ताणलेलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेंड्याजवळ काटक्या-पानांचे गोल झुबके दिसत होते, तीही त्याचीच घरटी. एकच शेकरू अशी अनेक बांधतो. झाडावरून झाडावर जाण्यासाठी त्याला फांद्या एकमेकींना लागलेल्या हव्यात, नाहीतर जमिनीवर उतरावं लागतं, आणि ते त्याला नको असतं. चुलतभाऊ वर बघत राहिला आणि म्हणाला, "वादळानंतर याचे रस्तेच तुटले असतील."

आणि तिथून दहा पावलांवर गारंबी. मी एवढी मोठी असेल असं समजलोच नव्हतो. माणसाच्या मांडीएवढा वेल, पीळ घालत जमिनीवरून उठून एका किंजळाला धरून वर गेलेला, तिथून तिसऱ्या-चौथ्या झाडावर. वर शेंगा लोंबत होत्या, हातभराहून लांब, प्रत्येक बीच्या जागी फुगलेल्या. एक वाळकी शेंग खाली पडून फुटली होती. वाटाड्यानं त्यातली बी उचलून आईच्या हातावर ठेवली. आईनं ती ओळखीची वस्तू हाताळावी तशी अंगठ्यानं चोळली.

"घरी घेऊ या आजी?" बहिणीच्या मुलानं विचारलं.

"इथलं काही न्यायचं नाही," वाटाड्या म्हणायच्या आतच आई म्हणाली. वाकता येत नाही म्हणून तिनं बी भाचीच्या हातात दिली आणि ती जिथं होती तिथं ठेवायला लावली. मग कनवटीला हात घालून डब्यातली जुनी बी काढली. ती तिनं बरोबर आणली होती हे कुणालाच माहीत नव्हतं. तीही शेजारी ठेवायला लावली. शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांनी. पहिली चकाकत होती, दुसरी मळकट, कडेला झिजलेली.

परत फिरताना खालच्या झुडपातून दोन सुरांची शीळ आली, मग पुन्हा. नवरंग. पावसाच्या तोंडावर तो कोकणात येतो आणि इथंच घरटं करतो. वाटाड्या आभाळाकडे बघून म्हणाला, "आलाय आता." त्याला पक्षी म्हणायचं होतं की पाऊस, मी विचारलं नाही.

तंबू आवरून आम्ही मुरुडला उतरलो. आईच्या भावाचं घर आता तिच्या भाच्यांकडे आहे. जेवायला त्यांनी थांबवलंच. आई हातपाय धुऊन माजघरात बसली. भाचीनं आमच्या कॅनमधलं उरलेलं पाणी पेल्यात ओतायला घेतलं तर आई म्हणाली, "ते नको. नळाचं आण." मुरुडच्या नळाला गारंबीच्या धरणाचं पाणी येतं, त्याच डोंगरातलं. आई त्याच पाण्यावर वाढली. भाचीनं नळाचा पेला भरून आणला. आईनं अर्धा प्यायला, उरलेला तिच्यापुढे केला.

"घे. सकाळी बघितलंस ना."

संध्याकाळी नांदगावच्या गणपतीला थांबून, काशिद आणि कोर्लईवरून, समुद्र डाव्या हाताला ठेवून आम्ही घरी आलो. वहिनींनी रोपांना पाणी घातलं होतं. विहिरीत वीतभर पाणी चढलेलं होतं.